सुनीरेच्या तीरी पाहुणे येईनासे जाहले, त्याची हकीकत

श्रीवरुणदेवतेचे चरणी मस्तक ठेवोन, जैसे घडले तैसे लिहिले असे. शके १६९३, खरनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास. कोणे एके राज्यात सुनीरा नदी. तीत खडस मासे पुरुषभर लांब. परमुलखीचे सरदार केवळ शौकाने गळ टाकावयास येत, मासा धरोन, मापोन, पुन्हा पाण्यात सोडीत. आणि त्यांच्या मुक्कामावर भोई, आचारी, सराईवाले ऐसी दोनशे घरे पोसत. मग कारभारी अच्युतपंत यांणी नदीचे वरचे अंगास रंगाऱ्यांचे कारखाने बसविले, आणि सालिना बारा हजार वसूल येऊ लागला, आणि निळीचा मळ नदीस मिळाला. कोणी बोलिल्यास पंत म्हणत, "वाहते पाणी, त्यास विटाळ कैचा?"

पुढे एके साली हैबतजीराव सरदार, पंचवीस वर्षे नेमाने येणारे, तीन दिवस गळ टाकोन बसले. मासा लागला नाही. पंत म्हणाले, "उदईक लागेल, रावसाहेब."

रावांची होडी धरोन सटवा भोई उभा होता, तो बोलिला, "लागंल की. पंतांनी मासळीला हुकूम धाडलाय."

राव हसले. मग म्हणाले, "पंत, पाणी निर्मळ असेल तर आम्ही महिनाभर राहू. तीरीचा रिवाज आहे, यजमानाने आचमन करोन वचन द्यावे. द्या."

पंतांनी पळी-पंचपात्री पुढे घेतली.

"ते पाणी तुमच्या आडाचं, पंत," सटवा हळूच बोलिला. "दोन वर्सं संध्येला तेच आणता. नदी हिकडं हाय."

घाटावर कोणासच नवल वाटले नाही. सर्वांस ठाऊक होते, हे त्या क्षणी पंतांस कळले, आणि कानशिले तापली. मग त्यांणी वाकोन ओंजळ भरली. पाणी निळे, तळहाताच्या रेषा दिसेनात. ओंजळ मुखापर्यंत गेली आणि तेथेच राहिली.

"असू द्या," राव म्हणाले. "तुम्हांस जे प्राशवत नाही, त्यात आम्ही मासा शोधीत होतो." आणि दोर गुंडाळोन तेच दिवशी कूच केले. मागाहून कोणी सरदार आले नाहीत.

मग पंत दरबारी उभे राहिले आणि आपला अपराध आपणच वदले, की बारा हजारांकरिता पाहुण्यांकडील सालिना चाळीस हजारांचे येणे आणि दोनशे घरांची चूल बुडविली. महाराजांनी पुसिले, "हे आधी कळले नाही?"

पंत अधोमुख होवोन बोलिले, "कळले होते, महाराज. म्हणोनच आडाचे पाणी नेत होतो."

तात्पर्य, कारखाने उठविले. अकरा वर्षांनी मासा परतला. तोवर भोई देशोधडीस लागले होते. इति.