शेजारच्या अंगणात पडलेली सावली

"पाच वर्षं थांब, वर्ना! राणीसारखी सावलीत बसशील!" हार्लन ओबर्ली बायकोला म्हणाला. हातात मेपलचं कमरेएवढं रोप आणि चेहऱ्यावर अख्खं जंगल उभं केल्याचा आव!

ओहायोतल्या त्या घराच्या व्हरांड्यात वर्ना रोज दुपारी चारला पुस्तक घेऊन बसायची आणि उन्हात पापडासारखी भाजून निघायची. रोपवाटिकेतला माणूस म्हणाला होता, "घराच्या पश्चिमेला लावा." पण चाळीस वर्षं ट्रकची इंजिनं खोलणारा हार्लन दुसऱ्याचं ऐकतोय होय! सकाळी आठला त्याने पूर्वेच्या कुंपणाशी शिडी उभी केली. सावली थेट वर्नाच्या खुर्चीवर!

"बघ! इथेच लावायचं!"

"अरे, पण मी चारला बसते."

"सूर्य काय चारला वेगळा येतो?"

पाचाची बारा वर्षं झाली. मेपल मात्र काय फोफावला! सकाळी आठला खुर्चीवर गर्द सावली; तेव्हा खुर्ची रिकामी. चारला तीच सावली कुंपण ओलांडून ड्वेनच्या अंगणात! हा ड्वेन एकटा, बायको वारलेला. नऊ वर्षांपूर्वी हार्लनकडून उसनं नेलेलं गवत कापायचं यंत्र त्याने पातं मोडून परत केलं, तेव्हापासून हार्लनने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

वर्नाची खुर्ची दरवर्षी थोडी थोडी कुंपणाकडे सरकली. या जुलैत ड्वेनने फाटक उघडलं. "आत ये की, वर्ना. गार चहा केलाय."

आणि ती गेली! रोज जाऊ लागली!

हार्लन खिडकीतून बघायचा आणि धुमसायचा. त्यात हार्डवेअरच्या दुकानात कुणीतरी खिजवलं, "काय रे, वर्नाने घर बदललं म्हणे?" झालं! हार्लन तडक घरी आला आणि यांत्रिक करवत घेऊन झाडाखाली उभा राहिला.

"कापतो! मुळासकट कापतो!"

वर्नाने कुंपणापलीकडून पुस्तकाचं पान उलटलं. "काप. मग मी ड्वेनच्या घरात बसेन. तिथे पंखा आहे."

हार्लनने करवत खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी हार्लनने अभिमान गिळला, घडीची खुर्ची बगलेत मारली आणि तोही फाटकातून आत शिरला. दोघांच्या मधोमध बसला. मेपल कसा लावला, कसा जगवला, लोक कसे मूर्ख असतात, सगळं सांगितलं. पाऊण तास!

वर्ना उठली. पुस्तक घेतलं, फाटक लोटलं आणि आपल्या व्हरांड्यात रणरणत्या उन्हात जाऊन बसली. तिथेच वाचू लागली.

"हिला झालं काय?" हार्लनने नऊ वर्षांत पहिल्यांदाच ड्वेनला काही विचारलं.

ड्वेनने त्याच्या पेल्यात चहा ओतला.

"काही नाही रे. मी बोलत नाही ना फारसा."