चित्र्याचं पथ्य

जनावराची नाडी पाहावी तं म्याच! शाळेत मी चवथीतच थांबलो, पण म्हशीनं कान हालवला तरी तिच्या पोटात काय चाल्लं ते मले कळते. आमच्या धाड गावात कोणालेही इचारा! आमच्या बायकोले तेवढं इचारू नका.

म्हणून आमचा चित्र्या खाजवाले लागला तवा मी निर्धास्त व्हतो. चित्र्या म्हंजे आमचा कुत्रा. पांढरा, त्याच्यावर काळे ठिपके. पण खाजवू खाजवू पांढरं कोणतं, काळं कोणतं अन् उघडं चामडं कोणतं, काहीच समजे ना! भितीले पाठ घासू घासू पठ्ठ्यानं गिलावा पाडला. मी त्याले हळद लावली, करंजाचं तेल चोपडलं. चार दिवसांत कुत्रा निस्ता कढईतून काढलेल्या भज्यावानी दिसाले लागला. अन् खाज? दुप्पट!

पाचव्या दिवशी समोरचे हिंमतराव काठी घेऊन दारात उभे.

"कडूबा, ही खरूज हाये बे! गल्लीत गणपती बसला का सारे लेकरं इथंच खेळतीन. त्याईले लागली तं? तोवर बरा कर, नाही तं मी सोता त्याले जीपमधी घालून घाटाखाली सोडून येतो!"

सात वर्षाचा कुत्रा! घाटाखाली त्याले कोण वळखते?

उचललं अन् गेलो जनावराच्या दवाखान्यात. तिथं मधुवंती म्याडम नवीन डाक्टर. त्याईनं चामडं खरवडलं, काचेखाली पाह्यलं अन् म्हणे, "काका, ही खरूज नाही. ॲलर्जी आहे, बहुतेक खाण्यातली. काय खातो हा?"

"आमी खातो तेच. पोळी, दूध, भाकर."

"आता सहा आठवडे फक्त भात आणि उकडलेलं अंडं. बाकी एक कणसुद्धा नाही. एक घास गेला, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आणि ती हळद-तेल बंद!"

"एवढंच? कुत्र्याचं पथ्य तं मी झोपीत पाळीन, म्याडम!"

घरी येऊन बायकोले, गोजरबाईले, सांगतलं. ती चुलीपासून ताडकन उठली.

"अवो, परवा सरावण लागते! माह्या घरात अंडं? मंग त्याच्यासंगं तुमीही जा घाटाखाली!"

झालं! कोठ्यात तीन धोंडे मांडले, त्याच्यावर जर्मनचं भगोनं ठेवलं अन् म्हशीच्या बाजूले बसून मी अंडे उकडाले लागलो. म्हैस माह्याकडं असं पाहे, जसं काही तिचाच सरावण मोडला! अन् वास काय दडते का? तिसऱ्या दिवशी शेजारच्या सरस्वतीकाकू कुडावरून डोकावल्या.

"काय रे कडूबा, भजनात टाळ वाजवतो अन् सरावणात अंडे खातो?"

"कुत्र्याचे हायेत, काकू!"

"हाव का? अन् मांजरीचं मटन कवा शिजवतो?"

गल्लीभर बोंब झाली! भजनाले गेलो तं माह्या दोन्ही बाजूचे लोक सरकून बसले. शेवटी मी चित्र्याले भर गल्लीत आणलं, साऱ्याईच्या डोळ्यादेखत अंडं सोललं अन् चारलं.

"पाह्यलं? झाली खातरी?"

माही इज्जत वाचली. पण बायका हळहळाले लागल्या. "अवं माय, मुक्या जीवाले सरावणात बाटवलं!" मी ध्यान नाही देल्लं. तिथंच घोळ झाला!

चित्र्याले जरा आराम पडला. पण सोमवार गेला अन् मंगळवारी सकाळीच खर्रर्र, खर्रर्र! शुक्रवारपर्यंत खाज उतरली. शनिवार गेला, रविवारी पुन्हा खर्रर्र! तीन आठवडे हेच. माहं डोकं चालेनासं झालं. भात मी शिजवतो, अंडं मी सोलतो, मंग खाज येते कुठून? त्याचं पाहू पाहू मलेच खाजवाले लागलं! पुन्हा दवाखाना गाठला.

"म्याडम, याले वाराची ॲलर्जी हाये. सोमवार अन् शनिवार."

म्याडमनं पेन खाली ठेवला. "काका, ॲलर्जीला वार कळत नाहीत."

"याले कळतात! कॅलेंडर पाहून खाजवते!"

"बाहेर कोणी खाऊ घालतं का?"

"कोणाची छाती हाये? साऱ्या गल्लीले दम देल्ला म्या!"

"एका सोमवारी त्याच्या मागे फिरून बघा."

आलेल्या सोमवारी दिवेलागणीले चित्र्या निंघाला, मी मागं मागं. तो गेला सीधा सरस्वतीकाकूच्या दारात. काकू सोमवार सोडाले बसल्या व्हत्या. त्याईनं पहिला घास काढला अन् ठेवला चित्र्यापुढं. पुरी! खिरीत बुडवलेली!

"काकू, हे काय करून राह्यल्या?"

"एकच घास तं देल्ला! तू त्याले बाटवलं, मी सुद्ध करून राह्यली."

पुढच्या दारात तेच. "एकच घास तं देल्ला!" त्याच्या पुढच्या दारात, "एकच घास!" चित्र्या प्रत्येक उंबरठ्यावर जाऊन असा बसे, जसं काही त्याच्या नावानं पाट मांडला! सात घरं झाले, सात घास! अन् शनिवार धरणारे अलग!

शेवटचं दार हिंमतरावचं. मी भिताडाआड उभा राह्यलो. पाहतो तं हिंमतराव उकिडवे बसून, दूध-पोळी कुस्करून सोताच्या हातानं चारून राह्यले!

"खाय बाबू, खाय. घाटाखाली कोण देईन तुले?"

"हिंमतराव भाऊ!"

त्याईनं गपकन ताटली पाठीमागं लपवली. "मी... मी पाहून राह्यलो व्हतो, खरूज वाढली का."

"दूध-पोळी चारून?"

हिंमतराव खाकरले. मिशीले लागलेलं दूध पुसलं. "बरं, राहू दे कुत्रा. नाही सोडत कुठं. पण मी चारलं म्हणून कोणाले सांगू नको बे!"

आता माही छाती अशी फुगली! दुसऱ्या दिवशी हापशापाशी आठही घरचे लोक जमवले अन् झापाले सुरुवात केली. "एक घास, एक घास करता, अन् बिचाऱ्याची कातडी सोलून काढली तुमी! लाज नाही वाटत? उपास तुमी करता अन् भोगते माहा कुत्रा!" साऱ्याईच्या माना खाली. हिंमतरावची तं छातीलेच लागली.

तेवढ्यात गोजरबाई घागर घेऊन आली.

"अवो, सोमवारी तुमी जेवाले बसता तवा तुमचा पहिला घास कुठं जाते?"

"कुठं म्हंजे? दारात. चित्र्याले. दर सोमवारीच तं..."

हापशा थांबला. सरस्वतीकाकूनं तोंडाले पदर लावला.

"तो... तो घास नसते," मी म्हणलो. "ती तं रीत हाये!"

पुढं काय झालं ते सांगत नाही. हिंमतराव हसू हसू पार खाली बसले एवढं सांगतो.

मंग सहा आठवडे पुन्हा पहिल्यापासून मोजले. चित्र्याचे केस आले, ठिपके जागच्या जागी दिसाले लागले. म्याडमनं एकेक जिन्नस देऊन पाह्यला, तं दूध बाधते म्हणे त्याले. आता गल्लीत कोणीच काही देत नाही. फक्त माहा हात! सोमवार आला का घास घेऊन आपोआपच दाराकडं जाते. गोजरबाईनं त्याचा पक्का बंदोबस्त केला. चित्र्या गल्लीभर मोकळा हिंडते, अन् जेवाच्या वख्ताले ती मले ताटासंगं आत बसवते अन् बाहेरून कडी लावते!