एल्सिओच्या डोक्याची तपासणी

"माझ्या यादीतलं पोर कधी हरवत नाही! पाताळात जाऊन बसलं तरी शेंडीला धरून वर आणीन!"

सोमवारच्या बैठकीत दोरोतेयाने टेबलावर थाप मारून हे सांगितलं, आणि कोणी हसलं नाही. कारण ते खरंच होतं. ब्राझीलच्या दक्षिण टोकाला, तळ्याकाठच्या त्या शहरात एका वर्षी जन्मलेल्या झाडून सगळ्या पोरांवर विद्यापीठाचा अभ्यास चालू होता. तोही जन्मल्यापासून नव्हे, आईच्या पोटात असल्यापासून! तेव्हा तरुण असलेली दोरोतेया पोटुशा बायकांच्या दारोदार फिरली होती. झोप लागते का? उगाच रडू येतं का? नवरा धड बोलतो का? पुढे ती पोरं जन्मली, रांगली, त्यांचे दात पडले, मिशा फुटल्या. आणि दर काही वर्षांनी दोरोतेया दारात हजर! सासूसुद्धा इतक्या नेमाने येत नाही.

आता पोरं बाविशीची झाली होती. या खेपेला उंची-वजन काही नाही, फक्त मन. उदास वाटतं का, छातीत धडधडतं का, झोप कशी आहे. सगळ्यांच्या मुलाखती उरकल्या होत्या. राहिला होता एकटा एल्सिओ. पठ्ठ्याने फोनचा नंबर बदलला होता.

"एक लक्षात ठेव," अभ्यासाच्या प्रमुख डॉक्टर एलोईना म्हणाल्या. "कोण अभ्यासात आहे, कोणाला काय विचारलं, यातला चकार शब्द बाहेर जाता कामा नये."

"काळ्या दगडावरची रेघ!" दोरोतेया म्हणाली.

ती रेघ शनिवारी सकाळपर्यंत टिकली.

एल्सिओच्या आईचं, झुल्मिराचं, मिठाईचं दुकान होतं. शनिवारी तिथे मुंगी शिरायला जागा नसे. अंड्याच्या बलकाचे पिवळेधमक किंजिम घ्यायला बायकांची रांग लागलेली, आणि मागे पीठ घुसळणारं यंत्र असं घरघरत होतं, की विमान उतरतंय की काय असं वाटावं.

"अगं दोरोतेया! ये ये! या खेपेला काय मोजायचंय पोराचं?"

दोरोतेया गल्ल्यावरून वाकली आणि झुल्मिराच्या कानाशी लागली. "नवा नंबर दे त्याचा. या वेळी मनाची तपासणी आहे."

"वजनाची?"

"मनाची!"

"मानेची? मान बरी आहे त्याची!"

"अगं बाई, मनाची! एल्सिओच्या डोक्यात काय बिघडलंय का, ते बघायचंय!"

आणि नेमकी त्याच क्षणी वीज गेली. यंत्र बंद पडलं. शेवटचं वाक्य दुकानभर असं घुमलं, जसं काही चर्चमध्ये पाद्रीच बोलतोय. एका बाईचा किंजिम तोंडाशी जाऊन तिथेच थांबला.

रांगेत केस कापण्याचं दुकान चालवणारी जेनी होती. देवाने तिला एक कात्री हातात दिली होती आणि एक तोंडात.

"काय झालं पोराला?" तिने हळूच विचारलं.

"मी काही सांगू शकत नाही," दोरोतेया घाम पुसत म्हणाली. "नियम आहे."

"समजलं!" जेनीने डोळे मिटून मान हलवली. त्या एका 'समजलं'ने घात केला.

दुपारपर्यंत शहरात बातमी अशी होती: झुल्मिराचा एल्सिओ वेडा आहे. संध्याकाळी त्यात भर पडली: साधासुधा नाही, भलताच वेडा आहे. "अहो, आईच्या पोटात असल्यापासून विद्यापीठाची पाळत आहे त्याच्यावर! साध्या वेड्यासाठी सरकार एवढा खर्च करतं होय?" या युक्तिवादापुढे कोण काय बोलणार?

आता एल्सिओचं लग्न ठरलेलं होतं. मुलीचं नाव लिसियाने, तिचे वडील ओरेस्तेस, खाटीक. दंड दरवाजाएवढे, आणि बोलणं महिन्यातून दोन वाक्यं. रविवारी एल्सिओ नेहमीप्रमाणे सासुरवाडीला जेवायला गेला. अंगणात निखाऱ्यांवर सळया लावलेल्या, चरबी चुरचुरतेय. पण खाटकाच्या घरात त्या दिवशी एकही सुरी नजरेला पडत नव्हती! सगळ्यांना काटे दिले, एल्सिओला चमचा. ओरेस्तेसने आपल्या हाताने मांसाचे पोराला भरवतात तसे बारीक तुकडे केले आणि त्याच्या ताटात ठेवले.

एल्सिओला वाटलं, सासऱ्याचा जीव जडलाय. त्याचे डोळे भरून आले.

ते भरलेले डोळे पाहून लिसियानेच्या आत्याने हळूच खुर्ची मागे सरकवली.

जेवण झाल्यावर ओरेस्तेसने महिन्याची दोन्ही वाक्यं एकदम खर्च केली. "लग्न पुढे ढकललंय. डॉक्टरचा कागद आण, मग बघू."

तासाभरात झुल्मिराचा फोन दोरोतेयाला आला. "पोटात होता तेव्हापासून तुला घरात घेतलं गं! किंजिम खाऊ घातले! आणि तू माझ्या लेकाचं लग्न मोडलंस?"

"मी निस्तरते! आत्ता जाते!"

दोरोतेया गेली. ओरेस्तेसने दार अर्धंच उघडलं.

"मुलगा वेडा आहे का?"

"ते मी सांगू शकत नाही."

"म्हणजे आहे!"

"अहो, नाही! म्हणजे... तेही सांगू शकत नाही!"

"तो तुमच्या अभ्यासात आहे ना?"

"ते तर मुळीच सांगू शकत नाही."

"मग आलात कशाला?"

"मी काहीच सांगू शकत नाही, हे सांगायला!"

ओरेस्तेसने तिच्याकडे असं पाहिलं, जसं नासलेल्या मांसाकडे पाहावं. दोरोतेयाला डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. मेलं, बावीस वर्षांत हजारो प्रश्न विचारले, पण एका सरळ प्रश्नाचं सरळ उत्तर देण्याची सोय नाही!

"ओरेस्तेसभाऊ," ती शेवटी काकुळतीला येऊन म्हणाली, "एवढंच सांगते. आम्ही सगळ्यांना तेच विचारतो. बऱ्या असलेल्यांना आणि बऱ्या नसलेल्यांनाही. झोप लागते का, जीव घाबरतो का. विचारल्याने कोणी वेडं होत नाही हो!"

 ओरेस्तेसने दार पूर्ण उघडलं. आत नेऊन त्याने तिकडच्या रीतीप्रमाणे वाळक्या भोपळ्याच्या भांड्यात कडू चहा घोटला, नळीने पहिला घोट स्वतः घेतला आणि भोपळा तिच्या हातात दिला.

"झोपेचं काय विचारता?" तो जमिनीकडे बघत म्हणाला. "बायको गेल्यापासून मला लागत नाही. पहाटे तिच्या फोटोशी बोलतो. माझ्या दुकानातल्या कोणाला माहीत नाही. हे वेड का?"

"नाही हो. अजिबात नाही."

"मला कधी कोणी विचारलं नाही."

"तुम्ही आमच्या यादीत नाही ना..." बोलून गेल्यावर दोरोतेयाने जीभ चावली.

"का नाही?" ओरेस्तेस भडकला. "त्या पोरट्याला पोटात असल्यापासून विचारता, आणि मला नाही? माझं डोकं काय डोकं नाही?"

एवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला. "मी आहे ना यादीत, बाबा."

लिसियाने उभी होती. रडून नाक लाल झालेलं.

"मी आणि एल्सिओ एकाच वर्षाचे. गेल्या महिन्यात माझी मुलाखत झालीसुद्धा. मी खूप बोलले. आईबद्दल बोलले. ही मावशी आई असतानाही यायची. तुम्ही तेव्हा दुकानात असायचात."

ओरेस्तेस दोरोतेयाकडे वळला. "खरं आहे?"

"मी सांगू शकत नाही!" दोरोतेया अक्षरशः ओरडली.

"तुम्ही माझ्या बायकोलाही विचारायचात?" तो पुढे वाकला. "ती पोटुशी असताना? ती... सुखात होती का?"

दोरोतेयाला ते उत्तर माहीत होतं. बावीस वर्षांपूर्वी याच घरात उभी राहून ती बाई म्हणाली होती, नवरा सोन्यासारखा आहे, पण बोलत नाही हो. भिंतीशी संसार केल्यासारखं वाटतं. दोरोतेयाने भोपळ्याची नळी तोंडाला लावली आणि चहा संपून नुसता हवेचा खर्रखर्र आवाज येईपर्यंत ओढत राहिली.

"मी फक्त विचारते," ती म्हणाली. "सांगत नाही. पण तुमच्या घरात एक मुलगी आहे, ती सांगू शकते. तिला कुठलाही नियम नाही."

 लेक बापाच्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "पहाटे मीही जागीच असते, बाबा. तुमचं बोलणं ऐकू येतं मला."

ओरेस्तेसने तो एवढा मोठा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि खाटकासारखा खाटीक हुंदके देऊन रडला. दोरोतेया निमूट उठून बाहेर पडली.

फाटकाशी एल्सिओ आणि झुल्मिरा उभे. एल्सिओच्या हातात डॉक्टरचा कागद मिळवण्यासाठी काढलेले तीन फोटो. आतून ओरेस्तेसची हाक आली, "आत ये रे पोरा! आणि येताना शेडमध्ये लपवलेल्या सुऱ्या घेऊन ये, मांस कापायचंय!"

लग्न ठरल्या तारखेलाच होणार, हे तिथल्या तिथे पक्कं झालं. जेनीला ते सांगायला झुल्मिरा स्वतः गेली, आणि तिथे काय बोलणं झालं ते छापण्यासारखं नाही.

सोमवारी एल्सिओ मुलाखतीला आला. शांतपणे बसला, सगळी उत्तरं दिली. झोप चांगली. भूक चांगली. धडधड नाही. दोरोतेया खूश! टकाटक बटणं दाबत ती शेवटच्या प्रश्नाशी आली.

"गेल्या वर्षभरात मनाला मोठा धक्का बसेल असं काही घडलं?"

"घडलं."

"कारण? आजारपण, मृत्यू, नोकरी जाणं, की प्रेमभंग?"

 एल्सिओ हाताची घडी घालून नुसता तिच्याकडे बघत राहिला.

दोरोतेयाने 'इतर'वर बोट ठेवलं. संगणक पुढे सरकेना. 'इतर' असेल तर तपशील लिहिल्याशिवाय तो हलतच नाही, मेला!

"लिही ना, मावशी," एल्सिओ गोड आवाजात म्हणाला.

दोरोतेयाने दाराकडे पाहिलं, डॉक्टर एलोईना जवळपास नाहीत याची खात्री केली, आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, स्वतःचं नाव टाइप केलं. आडनावासकट.