नुसतंच फिरायचं

"काम नाही, पत्ता नाही, घड्याळ नाही," बसमधून उतरताच कुसुमताईंनी अटी पुन्हा एकदा ऐकवल्या. "आणि माझ्या पुढे पळायचं नाही. तासभर नुसतं फिरायचं, बरोबरीनं."

शरच्चंद्ररावांनी मान डोलावली. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत कुसुमताईंनी नवऱ्याची पाठच जास्त पाहिली होती. मंडई असो की मंगल कार्यालय, हे गृहस्थ आपले दहा पावलं पुढे. म्हणून यंदा लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी साडी नाकारली आणि सदाशिव पेठेतला एक तास मागून घेतला. त्यासाठी दोघं कोथरूडहून सकाळीच निघाले होते.

सुरुवात छान झाली. शरच्चंद्रराव खरोखरच हळू चालले. एका बोळात लाकडी गॅलरीवर चढलेला गोकर्णीचा वेल बघत कुसुमताई थांबल्या, तर तेही शेजारी थांबले. बायकोशेजारी उभं राहायची सवय नसल्यामुळे हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. तेवढ्यात फुलांची पुडी घेऊन निघालेले एक गृहस्थ समोर येऊन ठाकले.

"कोण पाहिजे?"

आता, पेठेत या प्रश्नाला "कोणी नाही" असं उत्तर देता येत नाही. बिनकामाचा माणूस बोळात उभा दिसला, की तो एकतर चोर असतो, नाहीतर बिल्डर. शिवाय या वयात बायकोला घेऊन नुसता फिरतोय, हे परक्या माणसाला सांगणं शरच्चंद्ररावांच्या जिवावर आलं. त्यांनी पेठेत सहज खपेल असं आडनाव पुढे केलं.

"केळकर."

"कोणते? बोलणारे की न बोलणारे?"

शरच्चंद्ररावांनी त्यातल्या त्यात कमी त्रासाचे निवडले. "न बोलणारे."

"चला, दाखवतो."

"नको, नको, आम्ही शोधू की."

"शोधताय कसले? चुकाल."

गृहस्थांनी दोघांना पुढे घालून दुसऱ्या मजल्यावर नेलं, बेल दाबली, दार उघडल्यावर "पाहुणे आणलेत" एवढं सांगितलं आणि ते आपल्या वाटेने गेले. केळकरांनी पाहुण्यांकडे पाहिलं, मग बायकोकडे. त्यांना वाटलं, हिच्या माहेरचे असतील. केळकरबाईंना वाटलं, ह्यांच्या ऑफिसातले. मग विचारणार कोण? चहा आला. चहा संपत आला. अर्धा तास गेला, तेव्हा कुठे केळकरांनी तोंड उघडलं.

"काम?"

शरच्चंद्ररावांच्या डोक्यात दोन-तीन खोटी कामं तयारच होती. पण त्यांची नजर कुसुमताईंकडे गेली. त्या रागावल्या असत्या तर परवडलं असतं. त्या रिकाम्या कपात बघत मुकाट्याने बसल्या होत्या, मागितलेलं मिळणार नाही हे आधीच ठाऊक असल्यासारख्या. शरच्चंद्ररावांना मनापासून वाईट वाटलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"काम काही नाही हो. आम्ही तुम्हाला ओळखतसुद्धा नाही, मी खोटं बोललो. आज आमच्या लग्नाचा वाढदिवस. कोथरूडहून आलो, हिच्याबरोबर नुसतं फिरायला."

"नुसतं?"

"नुसतं."

"बायकोबरोबर?"

"हो."

केळकर पुन्हा गप्प झाले. केळकरबाई मात्र उठून उभ्याच राहिल्या. "ऐकलंत? लोक कोथरूडहून इथे बायकोला फिरवायला आणतात! मी एकतीस वर्षं इथे राहतेय, तुम्ही मला कोपऱ्यापर्यंत तरी नेलंत का कधी?"

केळकरांनी निमूटपणे चपला घातल्या.

चौघं खाली उतरले आणि नवल म्हणजे, रस्त्याला लागताच न बोलणारे केळकर बोलायला लागले. पार्किंगपासून सुरुवात करून ते भाऊबंदकीवर आले. शरच्चंद्ररावांचं कोपर त्यांनी घट्ट धरलं होतं आणि पाय तर त्यांच्याहून झपाझप पडत होते. मागे दोघी बायका खिडकी-खिडकीपाशी रेंगाळत होत्या. मधूनच कुसुमताईंचं हसू ऐकू येत होतं. अगदी मोकळं, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी हसायच्या तसं. शरच्चंद्ररावांना राहवेना. त्यांनी कोपर सोडवून घेतलं आणि ते चांगली वीस पावलं मागे आले.

"कुसुम, आलो गं. आता अगदी बरोबरीनं चालू."

केळकरबाईंचा हात हातात धरून कुसुमताई उभ्या होत्या. त्यांनी मोठ्या प्रेमाने नवऱ्याकडे पाहिलं.

"तुम्ही व्हा पुढे," त्या म्हणाल्या. "आम्ही येतो सावकाश."