गर्दीचं वेळापत्रक

महापालिकेचं पत्र मास्तरांनी तिसऱ्यांदा वाचून दाखवलं, तरी त्यातला मजकूर काही बदलला नाही. सोमवारी उद्योगविकास कक्षाच्या अधिकारी बाई गल्लीची पाहणी करायला येणार होत्या. प्रत्येक दुकानात दहा मिनिटं उभं राहून त्या गिऱ्हाइकं मोजणार. वर्दळ दिसली तर गल्लीला नवे दिवे आणि नवी फरशी. नाही दिसली, तर पाचही दुकानं उचलून शहराबाहेरच्या व्यापारी संकुलात, तिसऱ्या मजल्यावर.

"दहा मिनिटांत गिऱ्हाईक?" छत्रीवाले म्हणाले. "माझ्याकडे दहा दिवस उभ्या राहिल्या तर एखादं दिसेल."

मास्तरांच्या शिलाईच्या टेबलाभोवती गल्लीतले पाचही दुकानदार बसले होते. स्वतः मास्तर, चष्मेवाले, भांड्यांच्या दुकानातल्या वहिनी, छत्रीवाले आणि शेवटच्या दुकानातले फ्रेमवाले. सगळ्यात जास्त धसका घेतला होता तो फ्रेमवाल्यांनी. लोक हल्ली फोटो मोबाइलमध्ये ठेवतात आणि मोबाइलला काही कोणी पट्टी मारून घेत नाही. तरी वडिलांनी सुरू केलेलं ते दुकान म्हणजे त्यांचा जीव होता. दुकान गेलं तर आपण घरी बसून काय करणार, या काळजीने त्यांना झोप नव्हती. आणि ते घरी बसले तर आपलं कसं होणार, या काळजीने त्यांच्या बायकोला.

"एक करता येईल," फ्रेमवाले हळूच म्हणाले. "आपणच एकमेकांची गिऱ्हाइकं व्हायचं."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. फ्रेमवाल्यांनी एक पुठ्ठा घेतला आणि त्यावर गल्लीचा नकाशा काढला. पाच दुकानं एका ओळीत. प्रत्येकाला मागचं दार, आणि ती सगळी दारं एकाच बोळात उघडणारी. दहा वाजता बाई मास्तरांकडे, तेव्हा बाकीचे चौघे मास्तरांची गिऱ्हाइकं. दहा वाजून दहा मिनिटांनी सगळ्यांनी मागच्या दाराने निघायचं, बोळातून वळसा घालायचा आणि पुढच्या बाजूने चष्मेवाल्यांकडे शिरायचं. मग वहिनी, मग छत्रीवाले, शेवटी फ्रेमवाले.

"बाई आंधळ्या आहेत का?" वहिनींनी विचारलं. "प्रत्येक दुकानात तीच चार तोंडं?"

त्यावरही तोड निघाली. मास्तरांकडे लोकांनी शिवायला टाकून कधीच न नेलेले कोट होते, चष्मेवाल्यांकडे चष्मे होते, आणि छत्रीवाल्यांकडे टोप्याही मिळायच्या. सामान घरचंच होतं, फक्त दर दुकानाला अदलाबदल करायची.

खरी पंचाईत रविवारी, रंगीत तालमीला झाली. उभा जन्म गल्ल्याच्या आत काढलेल्या माणसांना गल्ल्याबाहेर उभं कसं राहायचं हेच ठाऊक नव्हतं. मास्तर वहिनींच्या दुकानात शिरले, पातेलं उचललं आणि सवयीने वहिनींनाच म्हणाले, "घेऊन जा डोळे मिटून. तक्रार आली तर मी बसलोय इथे." वहिनींनी कपाळाला हात लावला. मग फ्रेमवाल्यांची पाळी आली.

"भाव करा," वहिनी म्हणाल्या.

"परवडत नाही हो. याहून कमी होणारच नाही."

"अहो, ते मी म्हणायचं! तुम्ही गिऱ्हाईक आहात!"

"कळतंय मला," फ्रेमवाले घाम पुसत म्हणाले. "पण कमी करा म्हणायला जीभच वळत नाही."

शेवटी असं ठरलं की कोणी बोलायचंच नाही. वस्तू उचलायची, उलटी करून बघायची, मान हलवायची आणि खाली ठेवायची. तसंही खरी गिऱ्हाइकं याहून जास्त काही करत नव्हती.

सोमवारी बाई ठरल्या वेळी आल्या. हातात वही, कानावर पेन्सिल, आणि चेहरा असा की हसल्या असत्या तर त्याचीही नोंद करावी लागली असती. मास्तरांचं दुकान छान पार पडलं. चौघांनी कापडं उलटी केली, माना हलवल्या. बाईंनी वहीत चार रेघा मारल्या. पुढच्या दुकानासाठी फ्रेमवाल्यांनी ढगळ कोट चढवला आणि चष्मेवाल्यांनी दिलेला चष्मा लावला. घाईत तो कुणाच्या तरी जाड भिंगांचा निघाला. जमीन एकदम गुडघ्यापर्यंत वर आल्यासारखी वाटली. चष्म्याच्या दुकानात ते इतके चाचपडत शिरले की बाईंना त्यांच्या गरजेबद्दल जराही शंका आली नाही.

इथपर्यंत सगळं पुठ्ठ्यावरच्या नकाशाबरहुकूम चाललं होतं. फक्त गडबडीत एक झालं. रस्त्याने जाणाऱ्या लोकांनी पाहिलं की काही माणसं एका दुकानात घुसतात, नाहीशी होतात आणि धावत पुढच्या दुकानात शिरतात. माणसाचा स्वभावच असा, रिकाम्या दुकानात तो पाऊल टाकत नाही आणि भरलेल्या दुकानात पाय ठेवायला जागा नसली तरी घुसतो. आधी दोघे-तिघे मागे लागले, मग दहा-पंधरा जण.

"काय मिळतंय हो?" एका आजींनी फ्रेमवाल्यांचा कोट धरून विचारलं.

"काही नाही, काही नाही!"

"म्हणजे संपत आलेलं दिसतंय," असं म्हणून आजींनी चालण्याचा वेग वाढवला.

चौघे वहिनींच्या दुकानात पोचले, त्यांच्या मागून निम्मा रस्ता पोचला. फक्त बाई पोचल्या नाहीत. फ्रेमवाले झाकणं उलटी करत वाट बघत राहिले. पाच मिनिटांनी छत्रीवाल्यांनी बाहेर डोकावून पाहिलं आणि परत येऊन त्यांच्या कानात सांगितलं, "घोळ झाला. बाई म्हणाल्या, मधली दुकानं नंतर, आधी शेवटचं बघू. त्या तुमच्या दुकानात आहेत."

"माझ्या? पण मी तर इथे आहे!"

"तेच तर सांगतोय."

फ्रेमवाले मागच्या दाराने सुटले. बोळात एव्हाना गर्दी उसळली होती आणि जाड भिंगांतून ती दुप्पट दिसत होती. कोपरांनी वाट काढत, दोनदा भिंतीची माफी मागत ते आपल्या दुकानाच्या मागच्या दारातून आत शिरले. बाई शिरल्या ते बघून मागोमाग घुसलेल्या माणसांनी दुकान फुलून गेलं होतं. वडिलांच्या हयातीतसुद्धा इतकी माणसं त्या दुकानाने पाहिली नव्हती. आणि गल्ल्यामागे, त्यांच्या जागेवर, अधिकारी बाई उभ्या होत्या.

"ढकलाढकली करू नका!" बाई ओरडत होत्या. "मालक कामात असतील, येतील एवढ्यात. आणि अहो, कोटवाले, तुम्ही मागून कुठे घुसताय? रांगेत या!"

आपणच मालक आहोत, असं सांगायला फ्रेमवाल्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हाच कोट आणि हाच चष्मा घालून ते चष्म्याच्या दुकानात बाईंच्या वहीत एक रेघ होऊन बसले होते. मालक म्हटलं की ती रेघ खोटी, आणि ती खोटी तर सगळ्याच खोट्या. ते निमूटपणे फिरून पुढच्या बाजूला गेले आणि स्वतःच्या दुकानात रांगेत उभे राहिले. पुढे एकोणीस माणसं होती.

बाई भराभर लिहीत होत्या. "कमाल आहे," त्या शेजारच्या आजींना म्हणाल्या. "एवढा धंदा, की मालकाला मान वर करायला वेळ नाही."

"पण इथे मिळतं काय?" आजींनी विचारलं.

पंधरा दिवसांनी महापालिकेचं पाकीट आलं. आतलं प्रमाणपत्र जाड कागदाचं होतं. 'शहरातील सर्वाधिक वर्दळीची बाजारगल्ली.' मास्तरांनी ते उभं राहून वाचलं. मग त्यांनी दुसरा कागद उलगडला आणि खाली बसले. गल्लीतील व्यवसाय इतका वाढला आहे की मालकांना मान वर करण्यासही वेळ नाही; ते पाहता सदर जागा अत्यंत अपुरी व धोकादायक असून, पाचही दुकानांचे व्यापारी संकुलात, तिसऱ्या मजल्यावर स्थलांतर करण्यात येत आहे. तारखेची जागा तेवढी कोरी होती.

"गर्दी नसती तर तिसरा मजला," वहिनी म्हणाल्या, "आणि झाली तरी तिसरा मजला. मग आपण धावलो कशाला?"

ही अक्कल आपलीच, हे फ्रेमवाल्यांना ठाऊक होतं. ते उठून आपल्या दुकानात जाऊन बसले. भिंतीवर टांगलेल्या रिकाम्या चौकटींकडे बघताना त्यांना खरोखर रडू येत होतं.

तेवढ्यात दारात अधिकारी बाई उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर चक्क हसू होतं.

"मालक! त्या दिवशी काही तुमची भेट झाली नाही. त्या पाहणीबद्दल आयुक्तांनी मला कौतुकाचं पत्र दिलंय. म्हटलं, फ्रेम तुमच्याकडेच करायची."

फ्रेमवाल्यांना राहवेना. "बाई, खरं सांगू? ती गर्दी खोटी होती. आमची आम्हीच होतो."

बाई खळखळून हसल्या. "एकोणीस माणसं मी स्वतः रांगेत उभी केली. यशस्वी माणसं अशीच असतात बघा, स्वतःकडे मोठेपणा म्हणून घेणार नाहीत." त्यांनी पत्र पुढे केलं. "फक्त एक करा. तुम्ही तिकडे जायच्या आत मला ही देऊन टाका. गुडघे फार दुखतात हो. तीन मजले चढणं माझ्याच्याने व्हायचं नाही."

फ्रेमवाल्यांचा हात सवयीने मापाच्या टेपकडे गेला होता, तो तिथेच थांबला. त्यांनी पत्राकडे पाहिलं, मग बाईंच्या गुडघ्यांकडे. मग सावकाश ऑर्डरची वही उघडली आणि काळजीच्या चेहऱ्याने पानं चाळायला लागले. पानं कोरी होती, पण बाईंच्या बाजूने ते दिसत नव्हतं.

"अवघड आहे, बाई. तुम्हीच लिहिलंय ना, मालकाला मान वर करायला वेळ नाही म्हणून? लवकरात लवकर म्हटलं तरी ही फ्रेम नव्या जागेतच मिळेल."

बाईंचं हसू मावळलं. त्यांनी गल्लीकडे पाहिलं, पत्राकडे पाहिलं, आणि दाराच्या चौकटीला टेकून गुडघा चोळला.

"तसं स्थलांतराच्या आदेशावर," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "मी अजून तारीख घातलेली नाही."

"असं का?" फ्रेमवाल्यांनी वही मिटली आणि टेप हातात घेतला. "बसा ना, बाई. ती जागा कोरीच राहू द्या, फ्रेम इथेच मिळेल. पट्टी कोणती लावू, सोनेरी की काळी?"