नऊ मोठे की एक

संख्या जितकी मोठी, तितकी ती लिहिणाऱ्याला त्रासदायक. आणि लिहिणाऱ्याचा त्रास कमी करणे हे प्रशासनाचे पहिले कर्तव्य आहे. म्हणूनच झाशीतल्या एका पाणीवाटप कक्षाने ऐन मे महिन्यात आदेश काढला की, टँकरच्या मागणी-अर्जात माणसांची संख्या यापुढे वैज्ञानिक पद्धतीने लिहावी: आधी एक ते दहाच्या आतला आकडा, गुणिले दहाचा योग्य तो घात. (अर्जांतली शून्ये सत्तर टक्क्यांनी घटली. पाणीही तितकेच घटले होते, पण तो विषय दुसऱ्या कक्षाचा.)

तंत्रनिकेतनात शिकून तिथेच तीस वर्षे शिकवलेल्या वामनरावांना आदेश वाचून भरून आले. प्रेम नगरातल्या त्यांच्या वसाहतीचे नळ अकरा दिवस कोरडे होते. त्यांनी दारोदार फिरून माणसे मोजली, एक हजार बारा भरली, आणि सुवाच्य अक्षरात लिहिले: १.०१२ × १०³.

प्राधान्ययादी लागली. पहिला सिव्हिल लाइन्समधला एक बंगला: ९ × १०⁰. माणसे नऊ. वसाहत शेवटची.

"बाबूजी, नौ बड़ा कि एक?" लिपिकाने आदराने विचारले.

"और दस के सिर पर जो तीन है, भैया?"

"वो तो इतना बारीक लिखा है। ज़रूरी होता तो बड़ा लिखते।"

वामनरावांनी अर्धा तास घातांक समजावला. लिपिक तेवढ्यात दोन ग्लास गार पाणी प्यायला. (कक्षातली पाण्याची व्यवस्था उत्तम आहे.)

घरी येऊन त्यांनी कागद पुढे ओढला. नऊशे नव्याण्णव म्हणजे ९.९९ × १०². बंगला मागे पडतो. तेरा माणसे तेवढी जास्त होती.

"जास्त म्हणजे?" त्यांच्या पत्नी अनुसूयाबाईंनी विचारले.

"अर्जातून गाळायची. पाणी यादीतल्या नावावरच मिळतं, त्यामुळे त्यांना मिळणार नाही. बाकी काही फरक नाही."

"आणि ती तेरा कोण, हे तुम्ही ठरवणार?"

"छे. सभा ठरवेल. गुप्त चिठ्ठ्या."

माणुसकी आड येईल म्हणून सभेला दोन तास राखून ठेवले होते. काम अकरा मिनिटांत झाले. घरटी एक, अशा दोनशे सहा चिठ्ठ्या आल्या; सर्वाधिक मतांची तेरा नावे गळणार होती. हार्मोनियम शिकणाऱ्या बापूरावांना चौऱ्याऐंशी मते पडली. त्यांच्याखालोखाल भाडेकरू, कुत्रेवाले आणि गच्चीवर लोणची उन्हात ठेवणारी एक विधवा होती. स्वतःचे नाव कोणीही लिहिले नाही. वामनरावांना एकोणीस मते मिळाली. पैकी एका चिठ्ठीवरचे अक्षर त्यांच्या चाळीस वर्षांच्या ओळखीचे होते. त्यांनी ती मत म्हणून नोंदवली, कारण पद्धत म्हणजे पद्धत.

शनिवारी टँकर आला. वामनराव बादलीशिवाय उभे राहून नऊशे नव्याण्णव नावांवर खुणा करत होते.

तेरा हा आकडा फार मोठा नाही. वाचकांना आपल्या गल्लीतली चार-पाच नावे हे वाचता वाचताच सुचली असतील. उरलेली सावकाश आठवावीत. चिठ्ठ्या तिकडूनही लिहिल्या जात आहेत.