गाडीचा निम्मा जोर

त्या दिवशी वारा अगदी पडला होता, आंब्याचं पानसुद्धा हलत नव्हतं, आणि हैबती शेडगेच्या मोटरसायकलचा निम्मा जोर नेहमीप्रमाणे भिंतीपलीकडं त्याच्या भावाचा झोपाळा हलवत होता.

त्यात नवल असं काही नव्हतं. भाऊ वेगळे झाले तेव्हा पंचांनी घर वाटलं, रान वाटलं, चिंचेची सावलीसुद्धा सकाळची एकाला आणि दुपारची एकाला अशी वाटली. गाडी मात्र एकच, शंभर सीसीची, तेव्हाच म्हातारी झालेली. एकेक चाक दिलं असतं तर दोघंही पायीच फिरले असते. म्हणून पंचांनी पान खाऊन विचार केला आणि गाडी थोरल्या हैबतीला दिली, जोर मात्र दोघांना निम्मा निम्मा. धाकट्या सोपानानं आपल्या वाट्याचा जोर ओसरीतल्या झोपाळ्याला लावून घेतला. हैबतीनं कुठंही किक मारली की इकडं झोपाळा झुलायला लागायचा.

इतकी वर्षं त्या निम्म्या जोरावर हैबती आणि त्याची बायको आनसा खिंड चढून जात होती. सावकाश, पण जात होती. या उन्हाळ्यात मात्र गाडी चढाला लागली की धापा टाकायची. आणि उद्या तर खिंडीच्या वरच्या गावात लेकीच्या मुलीचं बारसं होतं. त्या गावाला एसटी जात नाही.

म्हणून हैबतीनं गाडी फाट्यावर मुबारक मिस्त्रीकडं नेली. मुबारकनं प्लग काढून पाहिला. विटकरी, जसा हवा तसा. कार्बोरेटर खोलून फुंकला. एअर फिल्टर आपटला, तेव्हा त्यातून एक मेलेला भुंगा निघाला. तो त्यानं बाजूला ठेवला, गिऱ्हाइकाचा माल म्हणून.

"प्लग ठीक. क्लच ठीक. रिंगा धरून हायत," मुबारक म्हणाला. "तात्या, तुमचा निम्मा जोर चांगला हाय. बिघाड पल्याडच्या निम्म्यात हाय. अन् भिंतीपल्याड माझा पाना पोचत न्हाई."

"पल्याड काय झालंय?"

"तो निम्म्याच्या वर ओढतोय. उकाडा किती हाय, बघताय न्हवं? आधी बसून झुलत हुता, आता आडवा पडून मोठं झोकं घेत आसंल. मोठ्या झोक्याला जोर जास्त लागतो. बोलून बघा की त्याच्याशी."

"बोलणं वाटणीत गेलं," हैबती म्हणाला. "कुणाच्या वाट्याला गेलं ते पंचांना बी आठवत न्हाई."

घरी आनसानं सगळं ऐकून घेतलं. "मागल्या खेपेला तुमी फुडं गाडीवर, मी मागनं चालत. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटलं, बाईला घरातनं हाकललंय. ह्या गुडघ्यानं आता खिंड हुत न्हाई. लगीन हून नऊ वर्सानी लेकीची कूस उजवली, अन् मी न्हाई म्हंजी न्हाईच का तिथं?"

संध्याकाळी हैबती भिंतीलगत म्हैस बांधायला गेला आणि म्हशीशी मोठ्यानं बोलला.

"म्हशे, उद्या सुलीच्या पोरीचं बारसं हाय. तुझ्या मालकिणीला खिंड चढायचीय. कुणी झोपाळा थांबवला तर लई उपकार हुतील."

भिंतीपलीकडं सोपान आपल्या कोंबडीला म्हणाला, "ऐकलंस का गं? ह्या लोकांला वाटतं, उठलं की झोपाळा थांबला. तो रिकामा बी झुलतो. थांबवायचा तर वर बसून पाय रोवून धरावा लागतो. माझ्या वयाला ते झेपंल का, इचार त्या म्हशीला."

म्हैस काही बोलली नाही.

"अन् वाटणी म्हंजी वाटणी, हे बी सांग," सोपान कोंबडीला म्हणाला आणि आत गेला.

सकाळी दोघं निघाली. दुसऱ्या वळणावर गाडी धापा टाकायला लागली, मग कण्हायला लागली. आनसानं खाली उतरायला एक पाय सोडला. तेवढ्यात गाडीत जोर आला. निम्मा नव्हे, सगळा. ती अशी पुढं झाली की आनसाची सोडलेल्या पायातली चप्पल रस्त्यावर राहिली.

"थांबू का?" हैबतीनं विचारलं.

"थांबताय कशाला? एका चपलंवर बारसं हुतंय."

आनसानं नातीला पाळण्यात घातलं, कानात कुर्र केलं, घुगऱ्या वाटल्या आणि विहीणबाईंनी चपलेबद्दल विचारलं तेव्हा ऐकू आलं नाही असं दाखवलं. दिवस कलल्यावर दोघं खाली निघाली. उताराला गाडीत इतका जोर होता की हैबतीचा पाय ब्रेकवरून निघाला नाही. दुसऱ्या वळणावर चप्पल तशीच पडलेली होती.

अंगणात येऊन हैबतीनं गाडी बंद केली आणि भिंतीवरून पलीकडं पाहिलं. सोपान झोपाळ्यावर ताठ बसला होता. पाय शेणानं सारवलेल्या जमिनीत रुतले होते आणि खांद्यावरचा टॉवेल घामानं भिजला होता. आसपास म्हैस नव्हती, कोंबडीही नव्हती.

"उतार लागला की एक मिसकॉल तरी द्यायचा हुता, दादा," सोपान म्हणाला. "मी आपला सकाळधरनं पाय टेकून बसलोय."